शारीरिक शिक्षकांच्या प्रशिक्षणातील सामाजिक-भावनिक शिक्षण : धार व देवास

स्वतःचा राग ओळखून आवरणे, हार पचवणे, सोबत्याच्या मनाचा अंदाज घेणे, भांडण बोलून मिटवणे ही कौशल्ये मुलांमध्ये खेळाच्या तासातून रुजवता यावीत, यासाठी भावी शारीरिक शिक्षकाची केलेली तयारी. अमेरिकेत १९९४ साली स्थापन झालेल्या ‘कॅसेल’ या संस्थेने अशा शिक्षणाची पाच अंगे मांडली : आत्मभान, आत्मनियमन, सामाजिक भान, नातेसंबंधांची कौशल्ये आणि जबाबदार निर्णय. त्याआधीच शारीरिक शिक्षणाचे अभ्यासक डॉन हेलिसन यांनी व्यक्तिगत व सामाजिक जबाबदारीची पद्धत थेट मैदानावर घडवली होती. इतरांचा आदर ही तिची पहिली पायरी; मैदानावर शिकलेले घरी-दारी वापरणे ही शेवटची.

पवार घराण्याच्या जुन्या संस्थानांच्या जागी आज मध्य प्रदेशातले धार आणि देवास हे जिल्हे आहेत. ग्वाल्हेरला १९५७ साली सुरू झालेल्या लक्ष्मीबाई महाविद्यालयाने या राज्यात शारीरिक शिक्षणाला पदवीची प्रतिष्ठा दिली. बी.पी.एड. हा शारीरिक शिक्षकाचा पदवी-अभ्यासक्रम आता दोन वर्षांचा आहे. त्यात शरीररचना, क्रीडा मानसशास्त्र, खेळांचे नियम आणि सराव पाठ येतात. मात्र मानसशास्त्राचा पेपर उत्तम सोडवणाऱ्याला रडणारे मूल सांभाळता येईलच असे नाही. ती परीक्षा सराव पाठातच होते.

दोन कर्णधारांनी आळीपाळीने गडी निवडले की शेवटी उरलेल्या मुलाचा सर्वांसमोर अपमान होतो. चुकल्याबद्दल मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या की धावणे हीच शिक्षा ठरते. दोन्ही रीती रुळलेल्या आहेत, आणि प्रशिक्षणार्थी त्या स्वतःच्या शाळेतून नकळत घेऊन येतो. त्या मोडायला त्याला आधी शिकवले पाहिजे. उलट, खो-खोत पाठीमागून मिळणाऱ्या ‘खो’वर विसंबून उठावे लागते, मल्लखांबावर उतरणाऱ्याला खाली उभ्या सोबत्याचा भरवसा लागतो. मल्लखांब हा २०१३पासून मध्य प्रदेशाचा राज्यखेळ आहे, आणि देवासच्या शेजारच्या उज्जैनमध्ये त्याची भक्कम परंपरा आहे. नवे साहित्य विकत न घेता या खेळांवरच हे शिक्षण उभे राहू शकते.

धारमध्ये निम्म्याहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. भिल्ल, भिलाला कुटुंबे हंगामात मजुरीसाठी गुजरातकडे जातात, आणि परतलेल्या मुलाला वर्गात पुन्हा जागा शोधावी लागते. घरची बोली भिली किंवा निमाडी, शिट्टीनंतरची सूचना हिंदीत. अशा मुलाला संघात सामावून घेणे हे येथील शारीरिक शिक्षकाचे सर्वांत मोलाचे काम होय.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ने सामाजिक-भावनिक विकासाला स्थान दिले. २०२३च्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात शारीरिक शिक्षण व स्वास्थ्य हे स्वतंत्र अभ्यासक्षेत्र झाले. परंतु शिक्षण हक्क कायदा, २००९ सहावी ते आठवीसाठी शारीरिक शिक्षणाचा निदेशक मागतो तो शंभरावर पटाच्या शाळेत, आणि तोही अर्धवेळ. लहान पाड्यांवरच्या शाळा त्यातून सुटतात. त्यामुळे हे प्रशिक्षण बी.पी.एड.पुरते न ठेवता प्राथमिक शिक्षकांच्या डी.एल.एड.मध्येही आणले पाहिजे.