ओयाकोदोन : जपानी घरातला झटपट चिकन-भात

‘ओयाको’ म्हणजे पालक आणि अपत्य; ‘दोन’ हे ‘दोनबुरी’ म्हणजे वाडगा या शब्दाचे लघुरूप. कोंबडी आणि अंडे एकाच वाडग्यात भातावर येतात, म्हणून हे नाव. टोकियोतील ‘तामाहिदे’ या १७६० मध्ये स्थापन झालेल्या उपाहारगृहात १८९१ च्या सुमारास हा पदार्थ जन्मला, असे मानले जाते.

साहित्य (दोघांसाठी) : बोनलेस चिकन २०० ग्रॅम, कांदा १, अंडी ३, चिकन स्टॉक पाऊण वाटी, सोया सॉस २ मोठे चमचे, साखर १ मोठा चमचा, गरम भात. जपानी तांदूळ चिकट असतो. त्याऐवजी इंद्रायणी चालेल. मूळ कृतीत स्टॉकऐवजी सुकवलेला मासा व समुद्रशैवाल यांचे ‘दाशी’ असते.

कृती : पसरट भांड्यात स्टॉक, सॉस, साखर उकळून उभा चिरलेला कांदा व चिकनचे लहान तुकडे घालावेत. सात-आठ मिनिटांत चिकन शिजले की हलकेच फेटलेली अंडी दोनदा विभागून ओतावीत. झाकण ठेवावे, ढवळू नये. रसासह भातावर वाढावे.

दक्षता : जपानमध्ये अंडे अर्धकच्चे ठेवतात, कारण तेथील अंडी कच्ची खाता यावीत अशा काळजीने धुऊन, तपासून विकली जातात. आपल्याकडील अंड्यांबाबत तशी खात्री नसल्याने, साल्मोनेला जंतूंचा धोका टाळण्यासाठी ते पूर्ण घट्ट होऊ द्यावे.