‘अस्तुरियास’: नाव उत्तरेचे, नाद दक्षिणेचा

इसाक आल्बेनिस (१८६०–१९०९) या स्पॅनिश रचनाकाराच्या पियानोकृतींपैकी ‘अस्तुरियास’ ही विशेष परिचित कृती होय. अस्तुरियास हा स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरील डोंगराळ प्रांत. साहजिकच, नावावर विसंबणारा अभ्यासक या रचनेत तेथील लोकधुनांचा शोध घेऊ लागतो. तो निष्फळ ठरतो. कारण हे नाव मुळात या संगीताचे नव्हेच.

‘स्पेनची गीते’ या संग्रहात ही रचना १८९२ मध्ये केवळ ‘नांदी’ म्हणून प्रसिद्ध झाली. त्यापूर्वी आल्बेनिसने ‘स्पॅनिश मालिके’साठी आठ शीर्षके योजिली होती, परंतु त्यांपैकी चारच भाग त्याने सिद्ध केले. त्याच्या मृत्यूनंतर, १९११ मध्ये, होफमाइस्टर या जर्मन प्रकाशनसंस्थेने रिकाम्या राहिलेल्या शीर्षकांखाली त्याच्याच अन्य रचना घातल्या. ‘नांदी’ची ‘अस्तुरियास’ झाली ती अशी.

रचनेतील अंतर्गत पुरावा निराळीच साक्ष देतो. आरंभी एकच स्वर अखंड निनादत राहतो आणि त्याच्याखालून धून सरकते. गिटारवादक बोटांनी एक तार सतत छेडीत अंगठ्याने खर्जातील धून वाजवितो, त्याचेच हे पियानोवरील रूप होय. मध्येच कोसळणारे स्वरसमूह सर्व तारांवर एकदम मारलेल्या फटकाऱ्याची आठवण देतात. मधल्या भागात लय मंदावते आणि दोन्ही हात सप्तकांच्या अंतराने एकच सुरावट वाजवितात. साथीवाचून गाणाऱ्या फ्लामेंको गायकाचा भास तेथे होतो. आधारस्वरावर वरच्या अर्धस्वरावरून उतरण्याची रीतही दक्षिणेकडील आंदालुसियाचीच. या फ्रिजियन स्वरमालिकेचे स्वर भैरवी थाटाशी जुळतात. मात्र तेवढ्यावरून दोन परंपरांचे नाते सिद्ध होत नाही.

येथे लोकसंगीताचा प्रभाव म्हणजे एखाद्या धुनेची उसनवारी नव्हे. एका वाद्याची वादनरीती दुसऱ्या वाद्यावर रुजविणे होय. पुढे ‘इबेरिया’ (१९०५–१९०८) या बारा रचनांच्या संग्रहात आल्बेनिसने हीच दृष्टी अधिक समृद्ध केली. ‘अस्तुरियास’ तर पुढे गिटारवादकांनी इतकी आपलीशी केली की, अनेक श्रोते तिला मूळ गिटारचीच रचना समजतात. ही समजूत ऐतिहासिकदृष्ट्या चुकीची असली, तरी शीर्षकापेक्षा सत्याच्या अधिक जवळ आहे. नंतरच्या लेखनिकाने हस्तलिखितावर घातलेल्या नावावरून ग्रंथाची बोली ठरविता येत नाही. ती ग्रंथातील रूपांवरूनच ठरवावी लागते. संगीतकृतीच्या प्रांतनिश्चितीसही हाच न्याय लागू पडतो.