अतिमद्यपान : ‘पचण्या’चा भ्रम आणि शरीराचा ऱ्हास

मद्यपानाचे दुष्परिणाम म्हटले, की झोकांड्या खाणारा मनुष्य, अपघात किंवा घरातील भांडणे असे चित्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात शरीराची मोठी हानी होते ती अनेकदा शांतपणे. रोज रात्री ठरावीक मद्य घेणारा, सकाळी वेळेवर कामावर जाणारा, कधीही तोल न जाणारा मनुष्य ‘त्याला पचते’ म्हणून ओळखला जातो. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ही क्षमता नसून धोक्याची खूण आहे. पूर्वीइतक्या मद्याने नशा न येणे याचा अर्थ मेंदूला त्याची सवय झाली, एवढाच. यकृत, हृदय, स्वादुपिंड यांना होणारी इजा त्यामुळे टळत नाही. उलट प्रमाण वाढत गेल्याने ती अधिक होते.

किती म्हणजे अति?

मद्याचा प्रकार वा किंमत यापेक्षा त्यातील शुद्ध अल्कोहोलचे वजन महत्त्वाचे असते. व्हिस्की, रम किंवा ब्रँडीच्या ३० मिलिलीटरमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते. १८० मिलिलीटरच्या ‘क्वार्टर’मध्ये ते ६० ग्रॅम भरते. आठ टक्के तीव्रतेच्या बिअरच्या ६५० मिलिलीटर बाटलीत सुमारे ४० ग्रॅम, म्हणजे चार लहान पेगांइतके अल्कोहोल असते. ‘बिअर म्हणजे काही दारू नव्हे’ या समजुतीला त्यामुळे आधार उरत नाही. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण तुलनेने कमी असल्याने तेवढ्याच मद्याने त्यांच्या रक्तातील अल्कोहोल अधिक वाढते आणि यकृताची हानीही लवकर होते. पूर्णतः सुरक्षित म्हणता येईल असे मद्यपानाचे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

यकृत : मुकाट्याने सोसणारा अवयव

शरीरात गेलेल्या अल्कोहोलपैकी बहुतांश भागाचे विघटन यकृतात होते. त्यातून प्रथम अॅसिटाल्डिहाइड हा विषारी पदार्थ तयार होतो. रोजच्या अतिमद्यपानाने यकृताच्या पेशींत चरबी साठू लागते. रोज ६० ग्रॅमहून अधिक अल्कोहोल घेणाऱ्या बहुतेक व्यक्तींत हा बदल आढळतो. या अवस्थेत बहुधा काहीही दुखत नाही. मात्र हीच अवस्था सर्वांत आशादायकही असते. मद्य पूर्ण बंद केल्यास काही आठवड्यांत यकृत बऱ्याच अंशी पूर्ववत होऊ शकते.

मद्यपान चालूच राहिले, तर काहींना यकृतदाह होतो. कावीळ, ताप, भूक मंदावणे ही त्याची लक्षणे असून तीव्र स्वरूपात तो प्राणघातक ठरतो. त्यापुढील टप्पा सिऱ्हॉसिसचा. यात निरोगी पेशींची जागा व्रणासारखे कठीण तंतू घेतात. पोटात पाणी साठणे म्हणजे जलोदर, पायांवर सूज, अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी, भ्रम आणि यकृताचा कर्करोग हे त्याचे परिणाम होत. रक्त-तपासणीतील काही आकडे सिऱ्हॉसिसमध्येही जवळजवळ सामान्य असू शकतात. म्हणूनच ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढ्यावर विसंबून, यकृताचे टॉनिक घेत पिणे सुरू ठेवणे ही घोर आत्मवंचना ठरते.

इतर अवयवांवरील परिणाम

हृदय व रक्ताभिसरण : रक्तदाब वाढतो, हृदयाचे ठोके अनियमित होतात, हृदयाचा स्नायू सैल व दुर्बल होतो. पक्षाघाताचा धोकाही वाढतो.

स्वादुपिंड : वारंवार दाह होऊन पोटात असह्य वेदना होतात. ग्रंथी कायमची निकामी झाल्यास अन्नपचन बिघडते आणि मधुमेह जडतो.

मेंदू व मज्जातंतू : हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, स्मृती क्षीण होणे हे बदल हळूहळू होतात. जेवण टाळून पिणाऱ्यांत थायमिन, म्हणजेच ब-१ जीवनसत्त्वाची कमतरता निर्माण होते. त्यातून नवी गोष्ट लक्षातच न राहण्याइतका गंभीर स्मृतिभ्रंश उद्भवू शकतो. नैराश्य, निद्रानाश आणि आत्महत्येचा धोका यांचाही मद्यपानाशी निकटचा संबंध आहे.

कर्करोग : मद्य हे कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच जाहीर केले. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झाला आहे. मद्याच्या जोडीला तंबाखू असेल, तर तोंड व घशाच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो. तंबाखू-चुना सर्रास मळला जाणाऱ्या महाराष्ट्रात ही बाब विशेष गंभीर आहे.

रोगप्रतिकारशक्ती : ती क्षीण झाल्याने न्यूमोनिया व क्षयरोग सहज गाठतात. क्षयरोगाच्या औषधांचा यकृतावर ताण येत असल्याने मद्यपी रुग्णाचा उपचारही कठीण होऊन बसतो.

सोडताना घ्यावयाची काळजी

घरातील माणूस शपथ घेतो, तुळशीची माळ घालतो आणि त्याच दिवशी मद्य बंद करतो. हा निर्धार स्तुत्य खरा. परंतु अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने वैद्यकीय देखरेखीविना अचानक मद्य बंद करणे जिवावर बेतू शकते. पहिल्या दिवशी हातांना कंप, घाम, मळमळ व अस्वस्थता जाणवते. काहींना झटके येतात. दोन ते चार दिवसांत तीव्र भ्रम, भास व ताप अशी अवस्था ओढवू शकते. नातेवाइकांनी यास ‘बाहेरची बाधा’ समजू नये. रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. अन्य कारणाने किंवा शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात दाखल होतानाही मद्यपानाची सवय डॉक्टरांपासून लपवू नये. योग्य औषधे व थायमिन वेळेवर दिल्यास हा काळ सुखरूप पार पडतो.

व्यसनाधीनता हा स्वभावदोष नसून उपचारांनी आटोक्यात येणारा आजार आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात ५.७ कोटींहून अधिक लोकांना मद्यपानाच्या समस्येसाठी मदतीची गरज आहे. पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, तसेच अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मोफत सभा यांतून अनेकांना नवे आयुष्य लाभले आहे. सिऱ्हॉसिस झाल्यानंतरही मद्य थांबविणाऱ्याचे आयुर्मान वाढते. त्यामुळे ‘आता सोडून काय उपयोग’ हा प्रश्न कोणत्याही टप्प्यावर गैरलागू ठरतो. मात्र यकृत दुखेल तेव्हा पाहू, असे म्हणणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की ते बहुधा दुखतच नाही.