सोळा ग्रॅम गंधक

आमच्या वाशीकडे आता पावसाळ्यात जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन दिसतं. पण त्याआधी हा सगळा बालाघाटाचा माथा म्हणजे ज्वारीचा मुलूख. आणि ज्वारी म्हटलं की काणी आलीच. भरल्या कणसात दाण्याच्या जागी करड्या रंगाच्या पुड्या, बोटाने दाबल्या की काळी भुकटी. जुन्या माणसांना हे चांगलं ठाऊक आहे. नव्या पिढीने बहुधा काणी पाहिलेलीही नसेल. ती का दिसेनाशी झाली, याची गोष्ट मला फार आवडते.

गंमत अशी, की काणी दिसते कणसात, पण ती लागते पेरणीच्या वेळी. खळ्यावर मळणी होताना त्या पुड्या फुटतात, भुकटी चांगल्या दाण्यांना चिकटते आणि तेच दाणे पुढच्या वर्षीचं बी म्हणून कणगीत जातात. पेरल्यावर दाण्याबरोबर बुरशीही उगवते, कोंबात शिरते आणि ताटाच्या आतून गुपचूप वर चढत जाते. बाहेरून पीक हिरवंगार. कणीस बाहेर पडलं की मग कळतं. तेव्हा कितीही भारी औषध फवारा, उपयोग शून्य. वेळ पेरणीच्या दिवशीच निघून गेलेली असते.

हे माणसाला कळायला बराच काळ लागला. गव्हाच्या अशाच एका काणीवर फ्रान्समध्ये तिये यांनी १७५५ साली दाखवलं, की रोग बियाला लागलेल्या काळ्या भुकटीतून पसरतो. पुढे १८०७ मध्ये प्रेव्हो यांना आढळलं, की तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यात ते बीजाणू उगवतच नाहीत. त्यातून मोरचुदाच्या पाण्यात बी बुडवण्याची रीत आली. आपल्याकडे मुंबई इलाख्यातल्या ज्वारीच्या काण्यांवर काम करणारे जी. एस. कुलकर्णी हे एक संशोधक होते; त्यांची पुस्तिका १९१८ साली पुसाच्या शेती संशोधन संस्थेने छापली. मोरचुदात भिजवण्याचा खटाटोप मोठा, आणि जास्त वेळ राहिलं तर उगवण बिघडायची भीती. त्यामुळे कोरडं गंधक आलं तेव्हा काम सोपं झालं. एक किलो बियाला चार ग्रॅम बारीक गंधक, मडक्यात घालून हलवायचं, की झालं. एकराला चार किलो बी धरलं तर सोळा ग्रॅम! चिमूटभर भुकटीने कणसंच्या कणसं वाचली. पुढे संकरित बी पिशवीतून औषध लावूनच येऊ लागलं, आणि काणी मागे पडली.

अर्थात सगळ्या काण्या अशा वठणीवर येत नाहीत. लांब काणीचे बीजाणू वाऱ्यावरून थेट फुलोऱ्यात येतात. तिथे बियाला गंधक लावून काही होत नाही. म्हणजे 'कोणतं औषध' या प्रश्नाआधी 'हा रोग येतो कुठून' हा प्रश्न येतो.

वेळ चुकली की औषधाचं विष कसं होतं, हे १९७१-७२ मध्ये इराकने पाहिलं. दुष्काळानंतर तिथे पारायुक्त बुरशीनाशक लावलेलं गव्हाचं बी परदेशातून आलं. ते पोचेपर्यंत अनेकांच्या पेरण्या उरकल्या होत्या. पोत्यांवरचा इशारा परक्या भाषेत. लोकांनी लाल रंग धुतला, पीठ दळलं, भाकरी खाल्ली. सरकारी आकड्यांनुसारच साडेसहा हजारांवर माणसं दवाखान्यात आणि ४५९ मृत्यू. त्याच सुमाराला, १९७२ मध्ये, आपल्या मराठवाड्यातही दुष्काळ होता. घरात दाणा नसताना समोर बियाचं पोतं असणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आता सोयाबीनचं पाहा. पेरणीआधी बियाला कार्बोक्सीन आणि थायरम यांचं मिश्रण, किलोला तीन ग्रॅम. जिवाणू खत लावायचं ते त्यानंतर, अगदी पेरायच्या तोंडावर, नाहीतर ते जिवाणूच मरतात. पानावरच्या रोगाचं मात्र वेगळं. तिथे फवारणी लागते, तीही सुरुवातीला. शेंगा भरून पान पिवळं पडल्यावर मारलेला पंप म्हणजे मनाचं समाधान आणि दुकानदाराची उधारी.

मला वाटतं, अडचण इथेच आहे. पिकलेल्या शेतात रोग दिसतो तेव्हा माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस खर्च करतो. पेरणीच्या सकाळी मात्र काहीच दिसत नसतं. आभाळ भरून आलेलं, वाफसा जायची घाई, तिफण तयार. तेव्हा न दिसणाऱ्या शत्रूसाठी दहा मिनिटं थांबायचं. सोळा ग्रॅम गंधकाला पैसे असे किती लागणार? लागतो तो धीर.