स्मृतिभ्रंशविषयक मोबाइल-अ‍ॅप आणि माहितीच्या प्रामाण्याचे निकष

आरोग्यविषयक माहिती विश्वसनीय केव्हा मानावी, याचे निकष ठरविण्याचे प्रयत्न इंटरनेटच्या प्रसाराबरोबर नव्याने सुरू झाले. १९९७ साली अमेरिकन वैद्यक-संघटनेच्या नियतकालिकाने चार कसोट्या सांगितल्या : लेखक कोण, आधार कोणते, हितसंबंध कोणाचे आणि मजकूर केव्हाचा. १९९९ साली इंग्लंडात प्रसिद्ध झालेल्या ‘डिसर्न’ या १६ प्रश्नांच्या साधनाने उपचारविषयक मजकुराच्या परीक्षेस निश्चित रूप दिले.

हे निकष मुद्रित ग्रंथाच्या परंपरेतून आलेले होते. मजकूर वाचकास काय देतो, एवढेच त्यांत तपासले जाई. २००८ साली अ‍ॅपल कंपनीचे अ‍ॅप-भांडार सुरू झाल्यानंतर ही मर्यादा स्पष्ट झाली. कारण अ‍ॅप माहिती देते, तशीच ती घेतेही. २०१५ साली ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या ‘मार्स’ या २३ कलमी मापात मांडणी, वापरातील सुलभता व माहितीचा दर्जा यांना गुण होते. गोपनीयतेस मात्र स्वतंत्र गुण नव्हते.

या उणिवेचे गांभीर्य स्मृतिभ्रंशाच्या क्षेत्रात विशेष जाणवते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत या विषयावरील १२५ अ‍ॅपांपैकी ७२ अ‍ॅप वापरणाऱ्याची माहिती गोळा करीत असल्याचे आढळले. त्यांपैकी केवळ ३३ अ‍ॅपांचे गोपनीयता-धोरण उपलब्ध होते. दाव्यांची स्थितीही निर्दोष नव्हती. बौद्धिक खेळांनी स्मृतिभ्रंश लांबविता येतो, अशी निराधार जाहिरात केल्याच्या आरोपावरून २०१६ साली ‘ल्युमॉसिटी’च्या चालकांनी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून २० लाख डॉलर भरण्याचे मान्य केले.

संस्थात्मक प्रमाणीकरणही टिकाऊ ठरले नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने २०१३ साली उघडलेले अ‍ॅप-ग्रंथालय २०१५ साली बंद झाले. त्याच वर्षी त्यातील ७९ मान्यताप्राप्त अ‍ॅपांच्या परीक्षणात, ओळख पटविणारी माहिती इंटरनेटवरून पाठविणाऱ्या ३५ अ‍ॅपांपैकी २३ अ‍ॅप ती सांकेतिक संरक्षणाविना पाठवीत असल्याचे दिसून आले होते. २०१७ साली पुनरुज्जीवित केलेले हे ग्रंथालय २०२१ साली पुन्हा बंद करण्यात आले.

परिणामी पारखण्याचा भार पुन्हा वाचकावरच येऊन पडला. स्मृतिभ्रंशात तो वाचक बहुधा शुश्रूषा करणारा आप्त असतो. आणि जी माहिती तो अ‍ॅपच्या स्वाधीन करतो ती दुसऱ्याची, संमती देण्याची शक्ती क्षीण होत चाललेल्या व्यक्तीची असते. म्हणून येथे मजकुराची सत्यता ही प्रामाण्याची केवळ पहिली अट ठरते. रुग्णाच्या विश्वासाचे रक्षण ही दुसरी अट मानल्याखेरीज कोणताही निकष पूर्ण म्हणता येणार नाही.