शुद्ध स्वर कोणते?

वाशीम म्हणजेच प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. ह्या घराण्यातील दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ साली येथेच उजेडात आला. त्याच शाखेतील हरिषेण राजाच्या काळी, इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्याची कित्येक लेणी सजली. पहिल्या लेण्यात नर्तकीभोवती वाद्ये वाजविणाऱ्या स्त्रिया आजही दिसतात. रंग टिकला, नाद मात्र विरला. त्यांच्या हातची बासरी कोणते स्वर बोलत होती, हे भिंत सांगत नाही.

ते सांगण्याचा यत्न ग्रंथकारांनी केला. भरताच्या नाट्यशास्त्रात षड्जग्रामाच्या २२ श्रुती आहेत: षड्ज, मध्यम व पंचम ह्यांना प्रत्येकी ४, ऋषभ व धैवत ह्यांना ३, गांधार व निषाद ह्यांना २. तेराव्या शतकात देवगिरीस सिंघण यादवाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला, त्यातही हीच वाटणी आहे. हा पंडित राज्याच्या हिशेबखात्याचा अधिकारी होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्याच्या हिशेबी प्रत्येक स्वर आपल्या शेवटच्या श्रुतीवर बसतो. मग गांधार ऋषभाच्या पुढे दोनच श्रुतींवर येतो, म्हणजे आपल्या कोमल गांधाराजवळ, निषादाचेही तेच. सारांश, तेव्हाचे शुद्ध सप्तक आजच्या काफीच्या जवळचे होते. तीच वाटणी ठेवून स्वर पहिल्या श्रुतीवर बसवा, की बिलावल उमटतो; आणि आज आपण त्यालाच शुद्ध म्हणतो!

आमच्या प्रांती हा प्रश्न पुन्हा पेटला तो १९१० च्या सुमारास. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनी २२ श्रुतींची गणिती स्थाने निश्चित करण्याचा उद्योग केला, आणि सनदी अधिकारी क्लेमंट्स ह्यांनी त्यांचा पक्ष उचलला. उलट पंडित भातखंडे ह्यांचे म्हणणे असे की, आज गवई गातात तेच प्रमाण. ग्रंथाने गळ्यामागून चालावे. १९१६ च्या बडोदे परिषदेत हे दोन्ही पक्ष समोरासमोर आले.

आमच्या मते देवलांच्या परिश्रमाला कमीपणा न आणताही भातखंडे ह्यांचाच पक्ष बळकट ठरतो. स्वरांची नावे तीच राहिली, पण त्यांखालची जमीन सरकली. जे सातशे वर्षांत बदलले त्याला अनादि म्हणणे हा इतिहासाचा अपमान होय. आणि आजच्या गळ्याला जुन्या पोथीच्या मापाने अशुद्ध ठरविणे हा गाणाऱ्याचा.