मानसोपचाराचे शुल्क
खाजगी मानसोपचारज्ञाने दिलेल्या वेळेबद्दल रुग्णाने द्यावयाचा मोबदला. औषधे वा शस्त्रक्रिया यांचे देयक वस्तू व कृती मोजून करता येते. संभाषणावर आधारलेल्या उपचारात मोजावयाचा असतो तो काळ. त्यामुळे हे शुल्क दीर्घकाळ वादाचा विषय होऊन राहिले आहे.

सिग्मंड फ्रॉइडने १९१३ मध्ये उपचाराच्या प्रारंभाविषयी लिहिलेल्या निबंधात शुल्काची रीतसर चर्चा केली. रुग्णाने विशिष्ट तास जणू भाड्याने घेतलेला असतो; तो न आला तरी त्याचे पैसे त्याने दिले पाहिजेत, हा त्याचा दंडक होता. थकबाकी साचू देऊ नये, असेही त्याने बजावले. सु. दहा वर्षे रोज एक, कधी दोन तास विनामूल्य उपचार केल्यानंतर, फुकट उपचाराने रुग्णाचा प्रतिरोध वाढतो, असे त्याचे मत झाले होते. परंतु १९१८ साली बूडापेस्ट येथील परिषदेत त्यानेच गरिबांना मानसिक उपचारांचा शस्त्रक्रियेइतकाच हक्क आहे, अशी भूमिका मांडली. तीस अनुसरून माक्स आयटिंगोनने १९२० मध्ये बर्लिन येथे चिकित्सालय उघडले व त्याचा खर्चही बव्हंशी स्वतः सोसला. तेथे रुग्ण ऐपतीप्रमाणे पैसे देई किंवा देतही नसे. शुल्क दिल्या न दिल्याने उपचाराच्या गतीत महत्त्वाचा फरक पडत नाही, असे आयटिंगोनने आपल्या अहवालात नमूद केले. फ्रॉइडच्या मताला त्याच्याच अनुयायाने दिलेले हे उत्तर पुढे बरेचसे विस्मरणात गेले. व्हिएन्नातील असेच केंद्र १९२२ मध्ये सुरू झाले. नाझी राजवटीने १९३८ मध्ये ते बंद पाडले.

अमेरिकेत विमा कंपन्यांचा शिरकाव झाल्यावर प्रश्नाचे स्वरूप बदलले. मानसिक व शारीरिक आजारांच्या विमालाभांत समानता आणण्यासाठी १९९६ व २००८ मध्ये तेथे कायदे झाले. स्वतःच्या खिशातून पैसे भरणाऱ्या रुग्णास १ जानेवारी २०२२ पासून अपेक्षित खर्चाचा लेखी अंदाज मागण्याचा हक्क आहे. देयक अंदाजाहून ४०० डॉलर वा अधिक वाढल्यास १२० दिवसांच्या आत त्यास तक्रार नेता येते. या अंदाजात निदानाचा संकेतांकही घालावा लागतो. रुग्णास नीट ओळखण्यापूर्वी निदान व कालावधी सांगणे उपचारज्ञांस अवघड जाते. उपचार किती काळ चालेल या प्रश्नास फ्रॉइडने इसापच्या कथेतील वाटसरूचा दाखला देऊन उत्तर दिले होते : चालू लाग, मग तुझ्या चालीवरून अंतर सांगता येईल. कायद्याला असे उत्तर चालत नाही.

भारतात मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अंमलात आला. त्याच्या कलम २१ नुसार विमाकारांनी मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराच्या धर्तीवरच विमा उपलब्ध करून द्यावयाचा आहे. तथापि बहुतेक विमापत्रांत मुख्यत्वे रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च मिळत असल्याने, दर आठवड्यास होणाऱ्या संभाषणोपचाराचा भार प्रायः रुग्ण वा त्याचे कुटुंब यांच्यावरच पडतो.